राणीच्या बागेतल्या दादांना, निवृत्तीच्या निमित्ताने

तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीतले दादा,

स. न. वि. वि.

या महिनाअखेरीस तुम्ही मुंबई महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयातल्या नोकरीतून निवृत्त होताय आणि गणपती झाले की वहिनींसह कायमचे गावी जाताय, हे वहिनींनीच परवा नळावर सांगितलं. खात्यातले लोक शाल-श्रीफळ देतील, चार भाषणं होतील, तुम्ही कुठल्या पिंजऱ्यावर किती वर्षं काढलीत ते सगळं निघेल. चाळीतल्या पोरांसाठी तुम्ही काय केलंत ते मात्र तिथे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं. तुमचं नाव घालत नाही. घातलं तर गावी जाईपर्यंत तुम्ही माझ्याशी धड बोलायचे नाहीत.

2020 च्या मार्चच्या मध्यात शाळा बंद झाल्या आणि त्याच सुमाराला राणीची बागही. थोरल्याची पाचवीची परीक्षा झालीच नाही. पहिली ते आठवीच्या पोरांना सरकारने तसंच वर घातलं, तेव्हा तो तर गॅलरीत नाचला होता. माझा जीव धाकटीत अडकला होता. ती बालवाडीतून पहिलीत जायची होती आणि तिची पहिली सुरू झाली ती ह्यांच्या मोबाईलवर. लहान वर्गांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोनच बैठका घ्याव्यात, असा सरकारी नियम जुलैत आला. पण त्या अर्ध्या तासातला निम्मा वेळ 'मॅडम, आवाज येत नाही' यातच जायचा. फोन एक, पोरं दोन, आणि ह्यांच्या ऑफिसचे कॉलही त्याच फोनवर. पुस्तकं बालभारतीच्या पीडीएफमध्ये. ती बोटाने वर ढकलत वाचायची म्हटलं तरी पोरीचं बोट खेळाच्या ॲपवरच जाऊन पडायचं.

त्यात ह्यांचा पगार निम्म्यावर आलेला, आणि शाळेचे फीसाठी मेसेज. फी भरली नाही तर मुलाला वर्गाच्या ग्रुपमधून काढू, इथवर मजल गेली होती. फीमध्ये 15 टक्के सवलत द्यायचा सरकारी आदेश निघाला तो ऑगस्ट 2021 मध्ये, तोवर आमची अंगठी मोडून झाली होती. असो. त्या शाळेचं नाव घेऊन आता काय मिळणार?

पण फीपेक्षाही एक गोष्ट मला रात्री झोपू देत नव्हती. धाकटीने पेन्सिल धरणंच सोडलं होतं. बालवाडीत शिकलेली अक्षरं एकेक करून पुसली जात होती. 'ग' आणि 'म' एकच वाटायचे, स्वतःच्या नावातली वेलांटी भलत्याच बाजूला जायची. लिहायला बसवलं की रडारड. 'कशाला लिहू? मॅडमला दिसतच नाही,' हा तिचा मुद्दा, आणि तो खोडून काढायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारपाजारच्या आयांचंही तेच. जिन्यावर तोंडाला पदर लावून आम्ही एवढंच बोलायचो, की पोरगी सरळ दुसरीत जाईल आणि 'आई' लिहिता येणार नाही.

पोरांना बाहेर न्यावं तर न्यायचं कुठे? दहा बाय बाराची खोली, आणि खाली चौकात उतरलं की पोलिसाची शिट्टी. म्हातारीचा बूट बंद, तारांगण बंद, चौपाटी बंद. त्या वर्षी लालबागच्या राजाचीही मूर्ती बसली नाही, मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्माचं शिबिर घेतलं. आणि जी बाग आमच्या पोरांना अंगणासारखी, रविवारी डबा घेऊन चालत जायची, तिच्या फाटकाला कुलूप. वर दुष्टावा असा, की फेब्रुवारीत औरंगाबादहून वाघांची जोडी आली होती, शक्ती आणि करिश्मा. आम्ही म्हटलं, गर्दी ओसरली की जाऊ. महिन्याभरात बागच बंद.

त्या दिवसांत चाळीतून रोज सकाळी बाहेर पडणारी माणसं मोजकी, त्यातले तुम्ही एक. जनावरांना लॉकडाऊन कळत नाही, खायला वेळेवरच लागतं. भायखळ्यात तेव्हा पेशंट वाढत होते, ई वॉर्डाचा आकडा रोज टीव्हीवर झळकायचा, रिचर्डसन अँड क्रुडासच्या जागेत कोविड केंद्र उभं राहिलेलं. तुम्ही जिन्यावरून उतरायला लागलात की दारं लागायची. बागेतल्या क्वार्टर्समध्येच का राहत नाहीत, असं कुणी कुणी मोठ्याने म्हणायचं, तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच. तुम्ही कधी उलट बोलला नाहीत. खालच्या मोरीत साबणाची बादली ठेवली होतीत. आल्यावर कपडे तिच्यात, अंगावर पाणी, आणि मग टॉवेलवर वर. ऐन पावसाळ्यातही.

पोरांना ही भीती कुठली? तुम्ही मोरीकडे वळलात की तिन्ही मजल्यांवरून आरडाओरडा: वाघ दिसला का, वाघाने खाल्लं का, पाणघोडा पाण्यात आहे का बाहेर. एका संध्याकाळी तुम्ही खालूनच म्हणालात, 'एवढं माझ्या लक्षात राहत नाही. लिहून द्या. खाली नाव घाला. अक्षर लागलं नाही तर उत्तर नाही.'

इतकंच बोललात आणि आंघोळीला गेलात.

दुसऱ्या दिवशी तुमच्या दाराच्या कडीला आइस्क्रीमचा रिकामा डबा लटकत होता आणि त्यात चिठ्ठ्या. त्या तुम्ही रात्रभर तशाच ठेवायचात, सकाळी खिशात घालायचात. संध्याकाळी आंघोळ झाली की चौकाच्या मधोमध उभे राहून एकेक वाचून दाखवायचात. पोरं गॅलरीच्या कठड्याला टेकून, मास्क हनुवटीवर. आणि तुम्ही कसले वस्ताद! धाकटीने पहिल्या चिठ्ठीत 'पाणघेडा' लिहिलं होतं. तुम्ही कागद उलटासुलटा केलात, गंभीर चेहऱ्याने वर पाहिलंत आणि म्हणालात, 'असा प्राणी आमच्याकडे नाही बुवा. मी सगळीकडे शोधला.' अख्खी चाळ हसली. मला वाटलं, झालं, आता ही परत पेन्सिलीला शिवायची नाही. ती घरात आली, माझ्यासमोर वही आपटली आणि म्हणाली, 'घो कसा काढायचा ते दाखव.'

तिचा प्रश्न होता, पाणघोडा पाण्यात झोपतो मग बुडत कसा नाही? तुम्ही सांगितलंत, तो झोपेतच वर येतो, श्वास घेतो आणि परत खाली जातो, जागही येत नाही. पोरं त्या रात्री गाद्यांवर पाणघोडे झाली होती. कुणीतरी विचारलं होतं, उन्हात त्याची कातडी तांबडी होते, ते रक्त का? रक्त नव्हे, त्याच्या अंगातूनच तसा पाझर सुटतो आणि उन्हापासून कातडी जपतो, हे मलाही तेव्हाच कळलं. थोरला सहावीतला, त्याला हे पोरकट वाटायचं. तरी हळूच त्याचीही चिठ्ठी डब्यात पडली: पेंग्विनला मुंबईत घाम येतो का? उत्तरात तुम्ही त्याला पेरू आणि चिली हे त्या पेंग्विनच्या जातीचे मूळ देश नकाशात शोधून ठेवायला सांगितलंत, उत्तर उद्या. भूगोलाच्या पुस्तकाला महिनोन्‌महिने हात न लावलेला पोरगा रात्री फोनवर नकाशा ताणत बसला होता.

बागेला लागून असलेल्या म्युझियमजवळच्या, घारापुरीहून आणलेल्या दगडी हत्तीला आंघोळ कोण घालतं, हाही एक प्रश्न आला होता. तुमचं उत्तर: 'पाऊस. आणि कुरकुर करत नाही तो, तुमच्यासारखी.'

एक चिठ्ठी मात्र वाचताना तुम्ही थांबला होतात. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना अँब्युलन्स घेऊन गेली ती गेलीच. त्यांच्या नातवाला घरच्यांनी सांगितलं होतं, आजोबा गावी गेलेत. त्याने लिहिलं होतं, म्हातारे झालेले प्राणी कुठे जातात? वर सगळे गप्प. त्याची आई कठड्यापाशीच उभी होती. तुम्ही आधी तिच्याकडे पाहिलंत, तिने मान हलवल्यावर मग बोललात. म्हातारा झाला की त्याला मऊ खायला देतो, डॉक्टर रोज बघून जातात. मग एक दिवस तो मरतो. डॉक्टर तपासतात, का गेला ते लिहून ठेवतात. आम्ही पिंजरा धुतो. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना ठरल्या वेळी खायला घालतो. वाईट वाटतं, तरी घालतो. त्या रात्री त्या आईने पोराला खरं सांगितलं. तिने मला हे नंतर सांगितलं आणि या पत्रात लिहायलाही तिनेच सांगितलंय.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत, तेव्हा त्याचाच राग आला होता पुष्कळांना. 2021 च्या एप्रिलात बाग परत बंद झाली. फेब्रुवारीत उघडली होती तेव्हा आम्ही भीतीने गेलोच नाही, आणि मे महिन्यात पोरं अक्षरशः भिंती चढायला लागली. तेव्हा चाळीतल्या दोघाचौघांनी तुम्हाला गळ घातली, की तुमचं वजन आहे, मागच्या फाटकाने पोरांना तासभर आत घ्या, कोण बघतंय? तुम्ही सरळ नाही म्हणालात. माणसाचा आजार जनावराला लागू शकतो, आणि माझ्या हातून तो लागायचा नाही, एवढंच. पेंग्विनचं काम तुमच्याकडे नव्हतं, पण 1 मेला पिल्लू झालंय हे तुमच्या कानावर नसेल असं मला वाटत नाही. पेपरात ओरिओ आणि ऑस्कर या पिल्लांची बातमी आली ती सप्टेंबरात. तोवर पोरांनी खोदखोदून विचारलं तरी तुमचं एकच, 'अंड्याविषयी विचारा, सांगतो.' मग आईबाप पाळीपाळीने अंडं उबवतात, साधारण चाळीस दिवस, हे सगळं सविस्तर. पिल्लाचं मात्र अवाक्षर नाही. नोकरी अशी करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

1 नोव्हेंबर 2021 ला बाग उघडली आणि 15 डिसेंबरला मुंबईत पहिली ते सातवीच्या शाळा. धाकटी शाळेची पायरी पहिल्यांदा चढली ती दुसरीत. जानेवारीत दोन्ही पुन्हा बंद होऊन फिरून उघडल्या, तो तमाशा वेगळा. पण पालकसभेत बाई म्हणाल्या, वर्गात निम्म्या मुलांना सलग वाक्य लिहिता येत नाही, हिला येतं, घरी कोण घेतं अभ्यास? मी काय सांगणार? प्राणीपाल घेतात म्हटलं. बाईंना वाटलं मी चेष्टा करतेय.

सोलापुरात नीलमनगरला मास्तरांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते, त्याची वर्णनं छापून आली, आणि यायलाच हवी होती. तुम्ही ना मास्तर, ना तुमच्यापाशी रंग. पोरांना लिहायला कुणीतरी वाचणारा लागतो, हे तुम्ही ओळखलंत. मुद्दाम ओळखलंत की खरंच तुमच्या लक्षात राहत नव्हतं, हे मी वहिनींना विचारलं होतं. त्या नुसत्या हसल्या.

थोरला आता अकरावीत आहे, धाकटी सहावीत, आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. वरच्या परिच्छेदांत जे चुकलं असेल ते तिने तपासून दिलंय.

आता कामाचं. येत्या रविवारी दुपारचं जेवण आमच्याकडे. वहिनींना विचारून झालंय, तेव्हा नाही म्हणायची सोय उरलेली नाही. पहिल्या मजल्यावरचे सोलकढी आणणार आहेत, मासे ह्यांच्याकडे. ज्यांनी तेव्हा दारं लावली होती त्यांनाही बोलावलंय, तेवढं चालवून घ्या. साडेबाराला या, पोरांना भूक धरवत नाही.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण