त्रिनिदादला याच, पण आधी हे वाचा

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"तुमच्या कॉलेजच्या मेळाव्यात आम्हा म्हाताऱ्यांचं काय काम?" असं बाबा फोनवर म्हणाले. काम आहे. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या सेंट ऑगस्टीनच्या आमच्या तुकडीने ठरवलंय, की शनिवारच्या जेवणाला पुढच्या खुर्च्या आई-वडिलांच्या. हारतुरे, शाली काही नाही. वर्गणीतून एका विद्यार्थ्याच्या फीची सोय करायची आणि ती तुम्हा सगळ्यांच्या नावाने. मी हट्ट धरलाय तो एवढाच, की मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. नाहीतर असे निधी दोन वर्षांत आटतात आणि तिसऱ्या वर्षीच्या मुलाला काय सांगायचं हे कुणालाच सुचत नाही. बागेवर काढलेलं कर्ज आणि आईच्या पाटल्या यांची परतफेड कधी होणार नाही, हे मला माहीत आहे. पण तुमचं नाव तिथे लागेल तेव्हा तुम्ही समोर असावंत, एवढं वाटतं.

आता मुख्य अडचण, पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. त्रिनिदाद आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत दाखला नसताना भारतात उतरलात, तर विलगीकरणात बसवतात. दाखला म्हणजे ती पिवळी पुस्तिका. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, कारण बाहेरचा कागद चालत नाही. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. त्यावर पासपोर्टचा नंबर बरोबर पडलाय का, हे केंद्रातून बाहेर पडायच्या आधीच बघा.

पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेतली, तर गंभीर त्रासाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. आई सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट घेते, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली. तिला डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतील, आणि तसं म्हणाले तर वाद घालू नका. लसीसाठी म्हणून मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करायचं तर मुळीच नाही. बाबांचं डॉक्टर तपासून ठरवतील. लस नाही मिळाली तरी वाट आहे. परतताना लंडनला दादाकडे आठ दिवस राहायचं. सहा दिवस उलटले, की दाखल्याचा प्रश्नच उरत नाही. लस न घेतलेल्याने रानातल्या सहली मात्र टाळायच्या आणि दिवसासुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारं मलम सोडायचं नाही. पीतज्वर पसरवणारा डास दिवसा चावतो.

दादाकडे राहायचं म्हणजे ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आलाच, तेव्हा जातानाही लंडनवरूनच जा. अमेरिकेवरून स्वस्त तिकीट दिसेल, त्याला भुलू नका. नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो. जातानाचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्याचे पैसे गेले समजा.

त्रिनिदाद आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. इथले सकाळचे आठ म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, त्याचा वार आधी पक्का करा. प्रवासाच्या गोंधळात ते चुकून दोनदा घेतलं जाणं फार वाईट. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

तिथे घरातल्या सॉकेटमध्ये 115 व्होल्ट असतात आणि पिना चपट्या. मोबाइलचा चार्जर नुसत्या अडॅप्टरवर चालेल. आईचा शेकायचा पट्टा आणि चहाची किटली इथेच राहू दे, धड तापायची नाहीत. गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या.

खाण्याची काळजी नको, डोळे उघडे ठेवले म्हणजे झालं. सेंट ऑगस्टीनशेजारच्या क्युरेपच्या चौकात सकाळी 'डबल्स' मिळतात. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि मिरचीचा ठेचा. ती मिरची आपल्या लवंगीला रडवेल, म्हणून मागतानाच 'नो पेपर' म्हणा. डाळपुरी ही पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच, बिनधास्त खा. कॅलालू मात्र फसवतं. अळूचीच पानं, भेंडी, नारळाचं दूध असं दिसून आई खूश होईल, पण त्यात बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं. विचारल्याशिवाय पळी लावायची नाही.

बाबा, तुमच्यासाठी खास म्हणजे कोको. आमच्या विद्यापीठाचं सेंट ऑगस्टीनचं आवार 1960 साली ज्या जुन्या कृषी महाविद्यालयाला सामावून घेऊन उभं राहिलं, त्याची सगळी पुण्याई कोकोवर आहे. विद्यापीठाच्या जनुकपेढीत कोकोचे दोन हजारांहून जास्त वाण जिवंत झाडांच्या रूपात सांभाळलेत. फळ फोडलं, की पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या बिया निघतात. त्या लाकडी पेट्यांत केळीच्या पानांखाली जवळजवळ आठवडाभर आंबवतात, मधूनमधून उलथतात. ढीग इतका तापतो, की हात ठेववत नाही. उलथणं चुकलं तर आतल्या बिया कच्च्या राहतात आणि चॉकलेट तुरट लागतं. वाळवणाच्या घराला रुळांवर सरकणारं छप्पर असतं, सर आली की ढकलायचं. सुपारीच्या वाळवणावर पाऊस आला की तुमची होणारी धावपळ आठवून मला तो प्रकार फारच आवडला होता.

पण एक बी खिशात टाकायची नाही! तुम्हाला मी ओळखते. 'विचेस ब्रूम' नावाची बुरशी तिथल्या कोकोवर 1928 पासून आहे. ती आपल्या बागांत शिरली तर कुणाला तोंड दाखवणार? बाहेर वाण पाठवायचे तेही आधी इंग्लंडमधल्या रेडिंगच्या विलगीकरण केंद्रात दोन वर्षं निरखून मगच. शिवाय ती बी वाळली की मेलीच, उगवायची नाही. भाजलेल्या कोकोचे गोळे घ्या, दुधात उकळून जायफळ घालायचं.

क्वीन्स पार्क ओव्हल दाखवीनच. 1971 साली गावसकर तिथेच पहिली कसोटी खेळले, 65 आणि नाबाद 67. शेवटच्या कसोटीतले 124 आणि 220 सुद्धा त्याच मैदानावर. आईसाठी कारापिचैमाचं दत्तमंदिर आणि तिथला 85 फुटी मारुती. तिथे ऊन होण्याआधी, सकाळीच जाऊ.

एप्रिलचा पहिला आठवडा धरलाय. कोरडा हंगाम असतो आणि कार्निव्हल उरकल्यामुळे खोल्या परवडतात. या आठवड्यात दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा. मुदत परतीनंतर सहा महिने तरी हवी, बाबांचा संपत आलाय असं वाटतं. लसीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते कळलं, की तिकिटं काढते.

तुमची,
मनू