माउथ ऑर्गन भोकं मोजून घेऊ नका

प्रति,
मा. संपादक

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत शिकता येतील अशा वाद्यांवर लेख आला. त्यात माउथ ऑर्गनला जागा मिळाली, याचं समाधान वाटलं. पण ‘कुठलाही घ्या, भोकं जितकी जास्त तितकी गाणी जास्त’ हा त्यातला सल्ला चुकीचा आहे. तो मानून दुकानात गेलेले पालक बहुतेक वेळा चोवीस भोकांचा, ट्रेमोलो जातीचा माउथ ऑर्गन आणतात. मग चित्रपटगीतातला कोमल गंधार काही केल्या सापडत नाही आणि दोन महिन्यांत वाद्य कपाटात जातं. यात मुलाची चूक नसते आणि वाद्यही खोटं नसतं. त्याची बांधणीच निराळ्या कामासाठी केलेली असते.

बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. दहा भोकांच्या डायटॉनिकमध्ये वीस रीड, म्हणजे श्वासाने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, असतात. चोवीस भोकांच्या ट्रेमोलोमध्ये अठ्ठेचाळीस असतात. बारा भोकांच्या क्रोमॅटिकमध्येही अठ्ठेचाळीसच. मात्र ट्रेमोलोत प्रत्येक सुराला दोन रीड लावलेल्या असल्याने प्रत्यक्ष सूर चोवीसच, आणि तेही एकाच पट्टीतले शुद्ध. क्रोमॅटिकमध्ये तेवढ्याच रीडमधून तीन सप्तकं आणि त्यांतले सगळे कोमल-तीव्र मिळतात. म्हणजे भोकं मोजून काहीच कळत नाही. एका भोकामागे काय बसवलंय, ते पाहावं लागतं.

ट्रेमोलोचा गोडवा त्याच्या भोकांच्या वरच्या आणि खालच्या ओळींत आहे. या दोन ओळींतल्या जोडीच्या रीड मुद्दाम किंचित वेगळ्या लावतात. एक सेकंदाला ४४० कंपनांची आणि दुसरी ४४४ ची असेल, तर सेकंदाला चार लाटा ऐकू येतात. यातली एक रीड उतरली की लाट वेडीवाकडी होते आणि सूर रडका वाटू लागतो. दोष कुठल्या ओळीत आहे हे शोधायचं, तर खालच्या ओळीवर पोस्टकार्डाची कड घट्ट धरून वरची एकटी वाजवावी, मग उलट करावं. भजन, अंगाईगीत, सरळ चालीचं समूहगीत यांना ट्रेमोलोसारखं वाद्य नाही. पण त्याच्या प्रत्येक कप्प्यात एकच रीड असते. त्यामुळे डायटॉनिकवर सूर जसा खाली ओढून वाकवता येतो, तसा इथे येत नाही.

हे वाकवणं, म्हणजे बेंड, नेमकं कशामुळे होतं ते सांगायला हवं. डायटॉनिकच्या एकाच कप्प्यात फुंकायची आणि ओढायची अशा दोन रीड समोरासमोर असतात. श्वास ओढताना जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी बदलली की ओढीची रीड दबते आणि फुंकीची रीडही बोलू लागते. सूर त्या दोन सुरांच्या मधे उतरतो. म्हणून किती उतरेल हे त्या भोकातल्या दोन सुरांमधलं अंतर ठरवतं. चौथ्या भोकात फुंकीला सा आणि ओढीला रे, म्हणून मधला कोमल रे मिळतो. सहाव्यात पंचम आणि धैवत, म्हणून कोमल ध. तिसऱ्यात फुंकीला पंचम आणि ओढीला निषाद, त्यामुळे कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असे तीन सूर एका भोकात दडलेले असतात. दुसऱ्यात ओढीचा पंचम तीव्र आणि शुद्ध मध्यमापर्यंत उतरतो. आणि हे लागतंच, कारण खालच्या सप्तकात शुद्ध म आणि शुद्ध ध मुळात बसवलेलेच नसतात. वरच्या सप्तकात शुद्ध नी नसतो. तो दहाव्या भोकाची फुंक अर्धा सूर उतरवून काढतात.

मधल्या सप्तकात मात्र कोमल ग, तीव्र म आणि कोमल नी साध्या बेंडने येत नाहीत. त्यावर जुना उपाय मूर्च्छनेचा, म्हणजे सा दुसऱ्या सुरावर धरण्याचा. त्याच वाद्यावर पंचमाला सा मानलं की खमाज थाट (थाट म्हणजे सात सुरांचा ठरलेला संच) मिळतो, रिषभाला मानलं की काफी, धैवताला आसावरी, गंधाराला भैरवी आणि मध्यमाला कल्याण. पांढरी एकचा, म्हणजे सी पट्टीचा, एकच माउथ ऑर्गन असा सहा थाटांचा होतो. भैरव, तोडी, मारवा, पूर्वी यांना हा उपाय लागू पडत नाही. तिथे सरळ क्रोमॅटिक घ्यावा.

आता डायटॉनिकच्या मॉडेलांमधला फरक. पुरवणीतल्या लेखात तो ‘किमतीचा’ म्हणून सोडून दिला आहे, आणि आमचा खरा आक्षेप तिथेच आहे. रीड बसवलेल्या दोन पितळी प्लेटांच्या मधे कप्पेदार सांगाडा असतो. कंगव्यासारखा दिसतो म्हणून त्याला कोम म्हणतात. जर्मनीतल्या ट्रोसिंगेन गावात १८५७ साली सुरू झालेल्या हॉनर कंपनीच्या जुन्या मरीन बँड मॉडेलमध्ये तो पेअरच्या लाकडाचा असतो आणि प्लेटा त्यावर बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. तोंडाच्या वाफेने हे लाकूड फुगतं. कप्प्यांमधले दात प्लेटेच्या बाहेर केसभर सरकतात आणि ओठाला खरचटतात. वाळल्यावर तेच लाकूड आकसतं, प्लेट आणि कोम यांच्यामध्ये फट पडते आणि श्वास वाया जातो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे चक्र फार लवकर सुरू होतं. त्याच कंपनीच्या स्पेशल ट्वेंटीमध्ये कोम प्लॅस्टिकचा आहे आणि प्लेटा त्याच्या खाचेत आत बसवलेल्या आहेत, त्यामुळे ओठाला पितळेची धार लागत नाही. मरीन बँडच्याच डीलक्स मॉडेलमध्ये लाकडावर लेप आहे आणि खिळ्यांऐवजी स्क्रू आहेत. मरीन बँडच्याच क्रॉसओव्हर मॉडेलचा कोम बांबूचा, तोही लेप दिलेला.

लाकडाचा आवाज ‘उबदार’ आणि प्लॅस्टिकचा ‘कोरडा’ असं सर्रास बोललं जातं. आमच्या मते ऐकू येणारा बहुतेक फरक सामग्रीचा नसतो. हवा किती घट्ट कोंडली जाते आणि वरचं कव्हर मागे व बाजूंना किती उघडं आहे, यावर तो ठरतो. मरीन बँडच्या कव्हरला बाजूला खिडक्या आहेत, स्पेशल ट्वेंटीच्या बाजू बंद आहेत. म्हणून पहिल्याचा आवाज जास्त उघडा येतो.

खिळे की स्क्रू, हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. फुंकीच्या रीड वरच्या प्लेटच्या आतल्या बाजूला, म्हणजे कप्प्यात असतात. ओढीच्या खालच्या प्लेटच्या बाहेरच्या बाजूला. खालचं कव्हर काढलं की ओढीच्या रीडपर्यंत बोट पोचतं, पण फुंकीच्या रीडसाठी प्लेटच उचलावी लागते. खिळे एकदा उपसले की तितक्या घट्टपणे परत बसत नाहीत. शिकणाऱ्याने म्हणून पहिलं वाद्य स्क्रूचंच घ्यावं. जपानच्या टोम्बो कंपनीच्या ली ऑस्कर मॉडेलला तर सुट्या रीड प्लेटा मिळतात. एक रीड गेली म्हणून सगळं वाद्य टाकावं लागत नाही.

रीडची धातूही पाहावी. बहुतेकांची पितळेची असते, वाद्यं बनवणाऱ्या सुझुकी कंपनीच्या वरच्या मॉडेलांत फॉस्फर ब्राँझची, जर्मनीतल्या क्लिंगेनथालच्या सायडेल कंपनीच्या ‘१८४७’ मॉडेलात स्टेनलेस स्टीलची. स्टील जोराच्या श्वासाला जास्त दिवस टिकतं. पितळ रिव्हेटजवळ, म्हणजे रीड प्लेटला जोडणाऱ्या खिळीजवळ, थकतं आणि सूर हळूहळू उतरत जातो, विशेषतः चौथ्या-पाचव्या भोकाच्या ओढीचा. असा उतरलेला सूर चढवायचा तर रीडच्या टोकाकडची धातू अगदी किंचित खरवडतात. चढलेला उतरवायचा तर मुळाकडची. खरवडताना रीडखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवावी, नाहीतर ती खाली दबून वाकते. खरवडल्यावरही सूर काही दिवसांत पुन्हा उतरला, तर मुळाशी चीर गेली आहे असं समजावं. मग प्लेट बदलण्याशिवाय इलाज नाही.

नव्या वाद्यात जास्त वेळा आढळणारा दोष रीडच्या फटीचा असतो. रीडचं टोक प्लेटपासून साधारण तिच्या स्वतःच्या जाडीइतकं उचललेलं असावं. फट जास्त असेल तर हलक्या श्वासाला ती बोलत नाही, नुसती हवा जाते. कमी असेल तर जोरात सुरुवात केली की गुदमरते. लाकडी टूथपिकच्या टोकाने मुळाजवळून हळूच दाबून ती सुधारता येते. एका दाबात सुधारायची घाई करू नये. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भोकाची ओढ घोगरी किंवा बेसूर लागते म्हणून वाद्य परत करण्याआधी एक तपासणी करावी. नवशिका तिथे गाल आणि जीभ ताणून नकळत बेंड करत असतो. जबडा सैल सोडून पोटातून सावकाश श्वास ओढला की बहुतेक वेळा तोच सूर स्वच्छ येतो.

सूर लावण्याची पद्धतही मॉडेलागणिक बदलते. तीन सूर एकत्र वाजवल्यावर गुळगुळीत लागावेत म्हणून काही वाद्यांत गंधार थोडा उतरवलेला असतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार हार्मोनियमच्या समविभागी (सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या) गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट खाली असतो, हे गाणाऱ्यांना परिचयाचं आहे. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. ली ऑस्कर आणि हॉनरचा जुना गोल्डन मेलडी समविभागी सुरांच्या जवळ लावलेले असतात. ते की-बोर्डबरोबर जुळतात, पण तंबोऱ्याबरोबर वाजवताना त्यांचा गंधार कानाला टोचतो.

क्रोमॅटिकविषयी एवढंच सांगतो की बटण दाबलं की पूर्ण वाद्य अर्धा सूर चढतं. श्वास वाया जाऊ नये म्हणून त्यातल्या बहुतेक रीडच्या पाठीवर प्लॅस्टिकची पातळ झडप असते. गरम वाफ थंड पितळेवर दवासारखी जमली की झडप चिकटते, मग ‘टप्’ असा आवाज येतो किंवा सूर उशिरा लागतो. वाद्य बिघडलं असं समजून ते उघडू नये. वाजवण्याआधी दहा मिनिटं दोन्ही तळव्यांत किंवा खिशात धरून ते अंगाइतकं गरम करावं. चहा-गोड खाऊन वाजवलं तर साखर बटणाने सरकणाऱ्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, बसते आणि बटण अडकतं. आधी चूळ भरावी. क्रोमॅटिक किंवा लाकडी कोमचं कुठलंही वाद्य पाण्यात बुडवू नये. प्लॅस्टिक कोमचा डायटॉनिक कोमट पाण्यात खळखळून धुता येतो. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळव्यावर चार वेळा आपटावं आणि वाळेपर्यंत डबी उघडीच ठेवावी.

पुरवणीच्या पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती: साधी चाल आणि भजनं वाजवायची असतील तर ट्रेमोलो. मींड आणि श्वासाची कारागिरी शिकायची असेल तर दहा भोकांचा, सी पट्टीचा, स्क्रूने बांधलेला डायटॉनिक. रागदारी किंवा पट्टी बदलणारी चित्रपटगीतं हवी असतील तर बारा भोकांचा क्रोमॅटिक. दुकानात वाद्य तपासायचा हवेचा भाता असेल तर वाद्याचं प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी, अगदी हलक्या हवेवर वाजवून दाखवायला सांगावं. जोरात फुंकल्यावर खराब रीडसुद्धा बोलते.

आपले,
माउथ ऑर्गन वाजवणारे व दुरुस्त करणारे काही वाचक, पुणे