पेनं एकमेकांना चिकटत का नाहीत?

चि. ईशान यास,
अनेक आशीर्वाद.

विश्वातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते, तर टेबलावरची दोन पेनं एकमेकांना का चिकटत नाहीत, असं तू विचारलंस. फोनवर मला ते धड सांगता येईना, म्हणून लिहिते.

पेनं ओढतात, पण ती ओढ अगदीच क्षीण असते. ४० किलोची दोन मुलं एक मीटरवर उभी केली, तर त्यांच्यातली ओढ वाळूच्या एका कणाच्या वजनाइतकीही भरत नाही. पायाखालचं घर्षण तिला सहज पुरून उरतं. तीच मुलं सगळ्यांपासून दूर, रिकाम्या अवकाशात नुसती स्थिर सोडली, तर तीन-चार तासांत एकमेकांना येऊन टेकतील!

न्यूटननं हा नियम १६८७ मध्ये मांडला तो ग्रह आणि चंद्राच्या चालीवरून. दोन गोळ्यांमधली ओढ खोलीत बसून मोजायला मात्र आणखी शंभरावर वर्षं गेली. १७९७-९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशनं एक लाकडी दांडी तारेनं आडवी टांगली, तिच्या दोन्ही टोकांना शिशाचे लहान गोळे लावले आणि त्यांच्याजवळ सुमारे १५८ किलोचे मोठे गोळे आणले. दांडी किंचित वळली. आपल्या अंगाच्या उबेनं हवा हलेल म्हणून तो खोलीत पाऊलही टाकत नसे, बाहेरून दुर्बिणीतून बघायचा. त्या इवल्या वळण्यावरून त्यानं पृथ्वीची घनता काढली, पाण्याच्या जवळजवळ साडेपाचपट. सफरचंदाची गोष्ट सगळे सांगतात. मला हा चिकाटीचा माणूस जास्त आवडतो.

आणि 'पृथ्वी आपल्याला ओढते' हे अर्धंच झालं. तूही तिला तेवढ्याच जोरानं ओढतोस. तू उडी मारलीस की तीही हलते, पण ती इतकी जड की ते हलणं अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी लहान. चंद्राचं तसं नाही. त्याच्या ओढीनं पृथ्वी चांगलीच डुलते. दोघं ज्या समाईक बिंदूभोवती फिरतात, तो पृथ्वीच्या मध्यात नाही, जमिनीखाली साधारण १,७०० किलोमीटरवर आहे. गुरूमुळे सूर्यही असाच डुलतो. दूरच्या ताऱ्यांचं हे डुलणं मोजूनच त्यांच्याभोवतीचे न दिसणारे ग्रह सापडायला लागले. ५१ पेगॅसी या ताऱ्याचा ग्रह १९९५ मध्ये असाच हाती लागला.

पेनांचं गणित तू स्वतः करून बघ. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाईवर येते, एवढं लक्षात ठेव. अडलास तर रात्री फोन कर.

तुझी,
आई