‘विवाहित’ या नोंदीपुढचा प्रश्न

समलैंगिक संबंधांना ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त बसवणारी वैद्यकीय अभ्यासक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ५ सप्टेंबर २०२४ रोजी मागे घेतली, हे योग्यच झाले. मात्र तेवढ्याने तपासणीच्या खोलीतली समजूत बदलत नाही. तिचा फटका उभयलैंगिक, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांविषयी आकर्षण असणाऱ्या रुग्णांना विशेष बसतो. केसपेपरवर ‘विवाहित’ लिहिले गेले, की पुढचे प्रश्न थांबतात. बाईला नवरा आहे, मुले आहेत; मग दुसऱ्या जोडीदाराचा विचारच कोणी करत नाही. शेजारी सासू बसलेली असताना ती आपणहून काय सांगणार? गुप्तरोगाची चाचणी राहून जाते आणि नैराश्यावर ‘संसारात मन रमवा’ एवढाच सल्ला मिळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा हक्क आहे. तो प्रत्यक्षात यायचा, तर नातेवाइकांना बाहेर थांबवून ‘तुमचे जोडीदार पुरुष, स्त्री की दोन्ही?’ हे न संकोचता विचारायला प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याला शिकवावे आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण ठेवावेत.

– एक वाचक, सातारा