नाव माझं, काम दुसऱ्याचं

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुन्या,

तुझ्या पत्रांना उत्तर न देता व्हॉट्सअॅपवर नुसते अंगठे पाठवत राहिलो, त्याबद्दल तू शिव्या देणारच आहेस. आधी देऊन घे, मग पुढं वाच. तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून बोलतो, गोळी घेतो.

लिहायला बसलो कारण हे इथं कुणाला सांगून कळत नाही. वर्षा म्हणते, "पगार वाढला ना, मग झालं." तिचंही खरंच आहे.

मी परीक्षा पास झालो, लेका. आयआयसीआरसी म्हणून साफसफाईवाल्यांना सर्टिफिकेट देणारी संस्था आहे, तिची, अपहोल्स्टरी अँड फॅब्रिक क्लीनिंग टेक्निशियनची. सोफे, खुर्च्या, पडदे साफ करणाऱ्या माणसाला इथं रीतसर सर्टिफिकेट मिळतं. १९७२ सालची संस्था आहे. वर्ग दोनच दिवसांचा, पण मान वर करायला फुरसत नाही. शेवटी लेखी परीक्षा. पुढं दर चार वर्षांत चौदा तास आणखी शिकलं तरच सर्टिफिकेट चालू राहतं. मला हे फार आवडलं.

आणि तिथं काय झालं ऐक. मास्तरनं चिमट्यात धागे धरून लायटरनं पेटवायला सुरुवात केली. वास घ्या आणि ओळखा. कापूस जळला की जळक्या कागदाचा वास आणि मऊ करडी राख. लोकर, रेशीम म्हणजे जळके केस, ज्योत बाजूला घेतली की आपसूक विझतं. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर काढतं, खाली कडक मणी राहतो. ओलेफिन नावाच्या कृत्रिम धाग्याला मेणबत्तीचा वास, आणि त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. बाकीचे नाकं पुढं करून विचार करत होते आणि मी पटापटा सांगत होतो. अण्णांच्या सायझिंगच्या, त्या सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या मागं चिंध्या जाळत बसायचो आपण, ते सगळं नाकात जसंच्या तसं आहे रे. मास्तर विचारतो, कुठं शिकलास? इचलकरंजीच्या पोराला हे शिकवावं लागतं का, असं सांगावंसं वाटलं. मंग्या असता तर लोकरीच्या जागी स्वतःची मिशी पुढं केली असती, त्या दिवाळीसारखी!

आता खरं दुखणं. आमच्या मालकानंच वर्गाची फी भरली होती. का, ते नंतर कळलं. संस्थेकडून 'सर्टिफाइड फर्म' म्हणवून घ्यायचं तर कंपनीत एक तरी सर्टिफिकेटवाला लागतो, विमा लागतो, गिऱ्हाइकाच्या तक्रारी सोडवायची लेखी रीत लागते. तर तो एक म्हणजे मी. व्हॅनवर मोठं चिन्ह रंगवून झालं, वेबसाइटवर माझा फोटो लागला, आणि व्हॅन मात्र पोरं घेऊन जातात. चांगली कष्टाळू पोरं आहेत, पण त्यांना कुणी काही शिकवलेलंच नाही. सगळ्या कापडांना एकच गरम पाण्याचं मशीन.

गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. फॉर्मवर माझं नाव, म्हणून मला बोलावलं. सोफा व्हिस्कोस व्हेल्वेटचा. व्हिस्कोस म्हणजे आपलं रेयॉन, ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते हे तुला मी काय सांगू! बैठकीवरची लव चिकटून आडवी झालेली, हात फिरवला तरी उठेना. कडांना चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे. कापसाचं किंवा रेयॉनचं कापड जास्त भिजलं आणि सावकाश वाळलं की आतला तपकिरी रंग पाण्याबरोबर वर चढतो, साबण अल्कलीचा असला तर आणखीच. मी उशी उलटी केली, चेन उघडली, आत लेबल होतं. त्यावर एकच अक्षर, 'एस'. म्हणजे पाणी लावू नका, फक्त ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट. 'डब्ल्यू' असतं तर पाणी चाललं असतं, 'एक्स' असतं तर नुसता व्हॅक्यूम. लेबल वाचायला किती वेळ लागतो रे? आणि लेबलवरही विसंबायचं नसतं. पांढरा टॉवेल ओला करून दिसणार नाही अशा जागी दाबायचा, रंग येतो का बघायचं, मगच हात लावायचा. आम्लाच्या पाण्यानं पट्टे पुष्कळ उतरवले मी. लव नाही उठली. त्या बाई काही बोलल्या नाहीत, फॉर्मवरचं माझं नाव मात्र पुन्हा वाचलं.

तो पांढरा टॉवेल हातात असताना तू आठवलास. अण्णा हेच करायचे, धोतराचा सोगा ओला करून किनारीवर घासायचे. आणि तू तो लाल किनारीचा लॉट सोडलास. सोगा गुलाबी झालेला आपण दोघांनी बघितला होता. व्यापारी दारात, सीझन चालू, तू माल गाडीत चढवलास. मी चौकात तुला काय काय बोललो, आणि मग तू माझ्या लग्नालासुद्धा आला नाहीस. मी बोललो ते आजही मला बरोबरच वाटतं. पण ताग्यावर छाप तुझी होती, माझी नव्हती, आणि ते ओझं कसं असतं ते आत्ता कळतंय. म्हणून विचारतो, भांडायला नाही. गाडी गेल्यावर तू काय केलंस? अण्णांना सांगितलंस का? त्या व्यापाऱ्याला पुन्हा तोंड कसं दाखवलंस?

मालकाला मी लिहून दिलंय. माझं नाव असलेल्या प्रत्येक कामावर आधी मी कापड तपासणार, नाहीतर नाव काढा. तो म्हणतो, थँक्सगिव्हिंग, तो नोव्हेंबरातला सण, होऊ दे, मग बघू. त्याच्या आधी इथं सगळ्यांना सोफे चकाचक हवे असतात. माणूस वाईट नाही. मला कुणी कामावर घेत नव्हतं तेव्हा यानं घेतलं. स्वतःचं सुरू करायचं म्हटलं तर व्हॅन, मशीन, विमा, आणि घराचा हप्ता डोक्यावर. तरी नोव्हेंबरनंतर त्यानं ऐकलं नाही तर मी निघणार. वर्षाला अजून बोललो नाही.

तुझं काय? साक्षीला वालचंद कॉलेजला प्रवेश मिळाला का? वहिनींचा डोळा? जुने माग भंगारात देऊन एअरजेट घेतोयस म्हणे, दिन्या सांगत होता. कर्ज जपून काढ.

एक काम कर. सरावाला मला हातहातभर तुकडे पाठव. रेयॉन, पॉपलिन, कच्च्या रंगाचं काहीतरी, आणि मागावरून उतरलेलं, खळ न धुतलेलं ग्रे कापडही. मागच्या बाजूला पेनानं नाव लिहू नकोस, कापड ओलं झालं की शाई पुढं उतरते. इथल्या कारागिरांनी आतून मार्करनं केलेल्या खुणासुद्धा अशाच वर येतात. चिठ्ठ्या टाचून पाठव.

आणि त्या लॉटचं लिहूनच कळव. फोनवर तू लगेच विषय बदलतोस.

तुझा,
विज्या