बाळाच्या नाळेविषयी आई-बाबांना पत्र

वडोदरा

तीर्थरूप आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

ग्वाल्हेरहून तुम्ही पाठवलेला बाळंतविडा मिळाला. दुपटी आणि झबली धुऊन, कडक वाळवून वापरायला घेतली आहेत. मात्र नाळेला लावण्यासाठी आईने हळद घातलेल्या तेलाची जी बाटली दिली, ती मी वापरलेली नाही, आणि त्यामागचे कारण फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले.

आम्ही नाळेला काहीही लावत नाही. तेल, तूप, हळद, पावडर, राख यांपैकी काहीच नाही. नाळ कापल्यावर उरलेल्या तुकड्याला रक्तपुरवठा नसतो आणि संवेदनाही नसते, त्यामुळे तो सुकताना बाळाला दुखत नाही. पण आतल्या रक्तवाहिन्या पूर्णपणे बंद व्हायला काही दिवस लागतात, आणि तोवर बेंबीपाशी जंतू वाढले, तर त्यांना थेट बाळाच्या रक्तापर्यंत वाट मिळू शकते. ओलावा राहिला की जंतू फोफावतात. म्हणूनच नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींतही म्हटले आहे. जिथे नाळेला शेणासारखे पदार्थ लावण्याची प्रथा आहे, तिथेच पहिल्या आठवड्यात क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक लावण्याचा सल्ला त्यात आहे. आपल्या बाळाला त्याची गरज नाही, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. स्पिरिटही नको, कारण त्याने नाळ पडायला उलट उशीर होतो.

बाबा, आजीचे पहिले मूल धनुर्वाताने गेल्याचे तुम्ही सांगता. त्या रोगाच्या जंतूंची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि अस्वच्छ हत्याराने कापलेल्या किंवा माती-शेण लागलेल्या नाळेतून ती बाळाच्या अंगात शिरत. आजीने जे केले ते मायेनेच केले असणार. तिला हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. गरोदरपणातील लशी आणि स्वच्छ बाळंतपणे यांमुळे हा रोग इतका घटला, की 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

इथे पावसाळ्यामुळे हवा दमट आहे, म्हणून लंगोट मी बेंबीच्या खाली दुमडून बांधते, म्हणजे नाळेला वारा लागतो आणि शू तिथवर पोहोचत नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी तिथे हात लावत नाही. सध्या अंघोळीऐवजी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने अंग पुसतो. सुरुवातीला निळसर-पांढरी आणि ओलसर असलेली नाळ आता वाळल्या देठासारखी काळपट आणि कडक झाली आहे. मुळाशी किंचित चिकटपणा दिसतो, तो सुकताना येतोच. मालिशवाल्या मावशींनाही पोटावर तेल लावू नका असे सांगितले आहे, आणि त्यांनी ते मानले.

आई, नाळ नुसत्या धाग्यावर लोंबू लागली तरी ती ओढायची नाही. बहुतेक बाळांची एक ते दोन आठवड्यांत आपोआप पडते. तीन आठवडे उलटूनही राहिली तर डॉक्टरांना दाखवायचे. पडताना रक्ताचे एक-दोन थेंब दिसले तर घाबरू नकोस. बारशापर्यंत नाळ पडली नाही तर कसे, असे तू विचारलेस. नाळ असली तरी बाळाला पाळण्यात घालायला काहीच हरकत नाही. बेंबी पुढे फुगलेली दिसली तरी नाणे बांधायचे नाही. त्याचा उपयोग तर होत नाहीच, शिवाय त्वचा दुखावते आणि घाम साचतो. बहुतेक मुलांची बेंबी चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप आत जाते.

मी लक्ष ठेवते ते वेगळ्याच गोष्टींवर. बेंबीभोवती लाली पसरणे, सूज, पू, दुर्गंधी, न थांबणारे रक्त, 37.5 अंशांच्या वर ताप, अंग गार पडणे, किंवा बाळाने दूध ओढणे कमी करून सुस्त होणे, यांपैकी काहीही दिसले तर मध्यरात्र असली तरी आम्ही थेट दवाखाना गाठणार आहोत. नाळ पडल्यावर बेंबीत लालसर, ओला कोंब राहिला, तर तोही दाखवून घेऊ. त्यावरचा उपचार साधा असतो.

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली की लगेच कळवा, म्हणजे तिकिटे इथूनच काढता येतील. बारसे त्याप्रमाणे पुढे ढकलायला सासूबाईंचीही हरकत नाही.

तुमची लाडकी,
ताई