वादळ आणि तुझी मंगळवारची तपासणी

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की, हिमवादळाचा इशारा असला तरी मंगळवारी रुग्णालयात जाणारच, कारण एक तपासणी चुकली तर नव्या औषधाच्या चाचणीतून नाव कमी होईल. आई शेजारी बसली होती म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही.

2022 च्या डिसेंबरात तुमच्या अमेरिकेतल्या बफेलो शहरात गाड्या चालवण्यावर बंदी आली, रुग्णवाहिकासुद्धा बर्फात अडकल्या आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतली काही स्वतःच्या गाडीत. हे सारे तूच मला सांगितले होतेस. मग आता हा हट्ट कशासाठी? रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरल्या असताना ताप आला तर अँटिबायोटिक शिरेतून आणि तातडीने द्यावे लागते, आणि रस्ताच बंद असेल तर ते कोण देणार, हाच विचार रात्रभर डोक्यात होता.

नोकरीभर मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी 2 ते 8 अंशांत सांभाळल्या. उन्हाळ्यात वीज गेली की आइसपॅक भरलेल्या शीतपेट्या घेऊन मोटारसायकलवरून तालुक्याला जायचो, आणि तू मागे बसायचा हट्ट करायचास. एकदा तर शाळा बुडवून आलास, त्यावरून माई किती रागावल्या होत्या! असो. सांगायचे ते एवढेच की, माल वेळेत पोहोचणे माणसाच्या हाती नसते. तुझ्या रक्ताच्या नळ्या ड्राय आइसमध्ये घालून विमानाने मध्यवर्ती प्रयोगशाळेत जातात ना? 2021 च्या फेब्रुवारीत वादळाने मेम्फिस आणि लुईव्हिलची कुरिअर केंद्रे विस्कळीत झाली, तेव्हा कोविडच्या लशीही अडकून पडल्या होत्या. जिवावर उदार होऊन तू रक्त देशील आणि नळी तिथेच पडून राहील.

रुग्णावरचा तात्काळ धोका टाळण्यासाठी डॉक्टरांना पूर्वपरवानगीवाचून प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचा ठरलेला आराखडा, बाजूला ठेवता येतो, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2023 मध्ये आपत्तीच्या काळातल्या चाचण्यांसाठी मार्गदर्शन काढले आहे. त्यात फोनवरून तपासणी, घराजवळची प्रयोगशाळा, शक्य असेल तिथे औषध घरपोच, असे पर्याय आहेत. ठरलेल्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे किती दिवस चालतात, हे तुझ्या समन्वयक बाईंना आजच विचार. जमले तर सोमवारीच जा. नोंदी चुकल्या की औषधाचा गुण नेमका कळत नाही, हे मलाही समजते, आणि पुढच्या रुग्णांसाठी तू यात उतरलास याचा मला किती अभिमान आहे, ते फोनवर कधी सांगता आलेले नाही.

पुन्हा मास्तरकी सुरू झाली, रागावू नकोस. पण ताप 38 अंशांवर गेला तर आधी पॅरासिटामॉल घेऊन तो दाबू नकोस, फोन कर. थर्मामीटरचा सेल बदलला का? मेघनाला विचारले तर ती म्हणते, "बाबा, तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय."

रात्रपाळीच्या डॉक्टरांचा नंबर तिच्याकडे असेलच, तो मलाही पाठव. इथून मी काही करू शकणार नाही, तरी पाठव.

तुझा,
बाबा